राजा रविवर्मा : राजवाड्यातून देव्हाऱ्यापर्यंत



चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना तुम्ही आतापर्यंत प्रामुख्याने लेखक, समाजसुधारक आणि राजपुरुष यांची चरित्रे वाचली असतील. अशा व्यक्तींचे कार्य त्यांच्या ग्रंथांतून, भाषणांतून किंवा त्यांनी उभारलेल्या संस्थांतून शोधता येते. चित्रकाराच्या चरित्राची अडचण निराळी असते. त्याचे कार्य डोळ्यांनीच पाहावे लागते आणि मूळ चित्र बहुधा एखाद्या दूरच्या संग्रहालयात किंवा राजवाड्यात असते. या पाठात ज्यांचा परिचय करून घ्यायचा आहे त्या राजा रविवर्मा यांच्या बाबतीत ही अडचण विलक्षण रीतीने सुटलेली आहे. त्यांचे चित्र पाहण्यासाठी तुम्हाला कदाचित घराबाहेरही पडावे लागणार नाही.

समजा, तुम्ही भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक या गावी राहता. पुणे-सातारा महामार्गालगतच्या या गावापासून बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा फार दूर आहे. तिरुवनंतपुरमची चित्रशाळा तर त्याहून दूर. तरीही दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर जी तसबीर मांडली जाते, ती या वेळी जरा निरखून पाहा. फुललेल्या कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी, वरच्या दोन हातांत कमळे, अंगावर काठापदराचे तांबूस वस्त्र, मागे संथ पाणी आणि एका बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. तुमच्या तसबिरीत हत्ती एकाऐवजी दोन असतील, देवीच्या तळहातातून सोन्याच्या नाण्यांची धार पडत असेल. ही भर पुढच्या चित्रकारांची. उभे राहण्याची ती ढब, तो चेहरा, ते पाणी यांचे मूळ मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रविवर्मा यांनी रंगविलेल्या लक्ष्मीमध्ये आहे. आणि ती लक्ष्मी ज्या छापखान्यातून घरोघरी गेली, तो काही वर्षे मुंबईत आणि नंतर तुमच्याच पुणे जिल्ह्यात, मावळातील मळवली येथे होता.

अभिजात चित्रे लोकव्यवहारात कशी जगतात, हा आज जगभर अभ्यासाचा विषय झाला आहे. लिओनार्दो दा विंचीची मोनालिसा कपांवर, पिशव्यांवर आणि जाहिरातींत दिसते. 1911 साली ती पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातून चोरीस गेली, वर्तमानपत्रांनी तिचा चेहरा सर्वत्र पोहोचवला आणि पुढे 1919 साली मार्सेल द्यूशाँ या कलावंताने तिच्या छापील चित्राला मिशा काढून तिची थट्टाही केली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मोनालिसाची प्रत्येक नक्कल पाहणाऱ्याला मूळ चित्राकडे नेते. ते पॅरिसमध्ये आहे, काचेमागे आहे, हे नक्कल पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. लक्ष्मीच्या तसबिरीचे तसे नाही. मूळ चित्र कुठे आहे, असा प्रश्न तिच्यासमोर हात जोडणाऱ्याच्या मनात येतच नाही. त्याच्यासाठी समोरची तसबीर हीच लक्ष्मी असते. चित्रकाराचे नाव गळून पडावे इतके त्याचे चित्र लोकांचे व्हावे, हे त्याचे भाग्य की त्याच्यावरचा अन्याय? रविवर्मा यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न तुम्ही सतत जवळ ठेवावा.

किळिमानूर ते बडोदा

रविवर्मा यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे, राजघराण्याशी सोयरिकीचे संबंध असलेल्या कुटुंबात झाला. वडील संस्कृतचे पंडित, आई उमयांबा स्वतः कवयित्री. केरळच्या त्या समाजात वंश मातेकडून चाले. त्यामुळे मुलाच्या घडणीत मामाचे स्थान मोठे असे. मामा राजराजवर्मा हे तंजावर शैलीत चित्रे काढीत. भाच्याने घराच्या भिंतींवर कोळशाने प्राण्यांची व दैनंदिन प्रसंगांची चित्रे रेखाटली, घरच्या नोकरांनी तक्रार केली आणि मामाने शिक्षा करण्याऐवजी त्याला शिकवायला घेतले, अशी कथा सर्व चरित्रकार सांगतात. अशी कथा जगातील बहुतेक मोठ्या चित्रकारांच्या बालपणी आढळते, तेव्हा ती किती शब्दशः घ्यायची हे तुम्हीच ठरवा. मामाकडून पहिले धडे मिळाले, एवढे मात्र निश्चित.

वयाच्या चौदाव्या वर्षी मामाने त्यांना तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाल यांच्या दरबारी नेले. तेथे राजाश्रय मिळाला, दरबारातील चित्रे व युरोपीय चित्रांचे ग्रंथ पाहायला मिळाले. तैलरंगाचे तंत्र मात्र सहजी मिळाले नाही. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना ते अवगत होते. पण या तरुण प्रतिस्पर्ध्याला ते शिकविण्याची त्यांची तयारी नव्हती. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय व्यक्तिचित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकविले नाही. तो काम करीत असताना जवळ उभे राहून पाहण्याची परवानगी तेवढी दिली. रविवर्मा पाहत राहिले, खोलीवर परतून रंग मिसळून पाहू लागले, चुकू लागले, पुन्हा करू लागले. चित्रशाळेची पायरी न चढता, गुरूच्या तोंडून एक अक्षर न ऐकता त्यांनी युरोपीय तैलरंग आत्मसात केला. त्यांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. विद्या दडवून ठेवणारी माणसे त्यांनी तरुणपणीच पाहिली होती. आपली चित्रे बंद दारांआड राहू नयेत असे त्यांना पुढे वाटले, त्यामागे हा अनुभव नसेलच असे म्हणवत नाही.

1866 मध्ये मावेलिक्करा येथील राजघराण्यातील भागीरथी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. रविवर्मा मात्र वर्षाचा बराच काळ प्रवासात असत. 1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले, त्याच वर्षी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही गौरव झाला आणि संस्थानिक, गव्हर्नर, दिवाण यांच्याकडून व्यक्तिचित्रांसाठी बोलावणी येऊ लागली. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा हे स्वतः चांगले निसर्गचित्रकार. ते आपली स्वतंत्र कीर्ती बाजूला ठेवून भावासोबत फिरले, पार्श्वभूमी रंगविल्या, पत्रव्यवहार सांभाळला आणि इंग्रजीत रोजनिशी लिहिली. आज रविवर्मा यांच्या उत्तरायुष्याविषयी जे खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा भाग या रोजनिशीमुळे. मोठ्या माणसाच्या सावलीत राहिलेल्या अशा भावंडांना आपल्या चरित्रवाङ्मयात पुरेसा न्याय मिळालेला नाही.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जुळला तो बडोद्यामार्गे. त्रावणकोरचे माजी दिवाण टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी भाषक घराण्यातले. ते पुढे बडोद्याचे दिवाण झाले आणि 1881 मध्ये सयाजीराव गायकवाड यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले, त्या सुमारास त्यांनी रविवर्मा बंधूंना बडोद्यास बोलावून घेतले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून दत्तक गेलेला हा तरुण राजा आणि किळिमानूरचा हा चित्रकार यांची गाठ पडणे, ही भारतीय कलेच्या इतिहासातील मोठी घटना ठरली. 1888 मध्ये सयाजीरावांनी नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारत आणि पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले.

काम स्वीकारल्यावर एक साधाच, पण अवघड प्रश्न उभा राहिला. दमयंती काय नेसत असेल? मत्स्यगंधेचे, तारामतीचे वस्त्र कसे असेल? प्राचीन शिल्पांतील वेशभूषा एकोणिसाव्या शतकातील सभ्य गृहस्थाच्या दिवाणखान्यात चालण्यासारखी नव्हती. प्रांतोप्रांतीच्या नेसणी तर इतक्या निरनिराळ्या, की एक निवडली तर इतरांना ती परकी वाटणार. दोघे भाऊ उत्तर भारतात हिंडले. सर्व देशाला आपला वाटेल असा पोशाख शोधणे, हा या प्रवासाचा एक हेतू होता. असा पोशाख कोठेही आयता सापडला नाही. अखेर त्यांच्या नायिका साडीत अवतरल्या आणि त्या साडीच्या नेसणीत मराठी लुगड्याचा वाटा मोठा होता. मुंबई-बडोद्याकडील मराठी, गोमंतकीय स्त्रिया त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. गोव्याच्या कलावंत समाजात जन्मलेल्या आणि पुढे भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका म्हणून कीर्ती मिळविलेल्या अंजनीबाई मालपेकर या त्यांच्या काही चित्रांसाठी बसल्याचे सांगितले जाते. ज्या स्त्रियांना प्रतिष्ठित घरांच्या माजघरात प्रवेश नव्हता, त्यांचे रूप तसबिरीच्या रूपाने त्याच घरांच्या भिंतींवर गेले. या विसंगतीची नोंद रविवर्मा यांच्या गौरवग्रंथांत फारशी केली जात नाही.

विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र-तारामती, नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा अशी ही चौदा चित्रे 1890 मध्ये पूर्ण झाली. राजवाड्यात कायमची बसण्यापूर्वी ती सर्वसामान्यांनाही पाहता आली. लोकांची गर्दी लोटली आणि चित्रांची छायाचित्रे मोठ्या संख्येने विकली गेली. ज्यांना राजवाड्याची पायरी कधी चढता आली नसती, अशांनी आपल्या ओळखीच्या कथा डोळ्यांनी पाहिल्या. पौराणिक कथा कीर्तनात ऐकण्याची आपली सवय जुनी. ती खऱ्यासारख्या माणसांच्या रूपात, छायाप्रकाशासह, समोर उभी राहण्याचा अनुभव नवा होता.

शिळेवरचे देव

1884 मध्येच माधवरावांनी रविवर्मा यांना एका पत्रातून असा सल्ला दिला होता, की चित्रांची मागणी इतकी आहे आणि दोन हात इतके अपुरे आहेत, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. त्यात देशाचीही सेवा होईल. हा सल्ला अमलात यायला दहा वर्षे गेली. तो अमलात आला तोही अधिक धाडसाच्या रूपात. चित्रे बाहेर छापून घेण्याऐवजी रविवर्मा यांनी जर्मनीहून यंत्रे व तंत्रज्ञ आणवले आणि 1894 मध्ये मुंबईत स्वतःचा शिळाछापखाना काढला. घाटकोपर येथे तो चालत असे. त्याच्या आदल्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना पारितोषिके मिळाली होती. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या चित्रकाराने कारखानदारीत पडावे, हे त्यांच्या अनेक हितचिंतकांना रुचले नसावे.

देवांची रंगीत चित्रे छापणारे ते पहिले नव्हते, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा स्थापन केली होती आणि तिची रामपंचायतन, नाना फडणीस अशी चित्रे महाराष्ट्रात घरोघरी लागली होती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात चिपळूणकरांचा अभ्यास करताना निबंध, केसरी आणि न्यू इंग्लिश स्कूल यांवर जेवढा भर दिला जातो, तेवढा चित्रशाळेवर दिला जात नाही. लोकांच्या मनापर्यंत पोहोचण्यासाठी अक्षराइतकेच चित्र लागते, हे त्यांनी ओळखले होते. रविवर्मा यांचे वेगळेपण होते ते तैलचित्रातील मांसल, उजेडाने भरलेली आकृती कागदावर उतरविण्यात.

ही छपाई कशी होत असे, ते थोडक्यात समजून घ्या. बव्हेरियातील खाणींतून आलेला एक विशेष चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करीत. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उलटे रेखाटीत, म्हणजे छापल्यावर ते सुलटे येई. मग दगड ओला केला, की कोरा भाग पाणी धरून ठेवी आणि तेलकट भाग पाणी दूर सारी. त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरविला, की शाई फक्त रेषांना धरत असे. एवढ्यावर एका रंगाचे काम झाले. दुसऱ्या रंगासाठी दुसरा दगड, तिसऱ्यासाठी तिसरा. रविवर्मा यांच्या चित्रातील गालावरची एक छटा उतरविण्यासाठी अनेक दगड लागत. प्रत्येक वेळी कागद तंतोतंत त्याच जागी बसला नाही, तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर जाई. छपाई झाल्यावर रोगण चढवून कागदाला तैलचित्राची झळाळी देत. म्हणून या चित्रांना ओलिओग्राफ हे नाव पडले. पुढे ग्राहक घरी नेऊन त्यांवर जर, टिकल्या, मखमल चिकटवू लागले. देवीला वस्त्र नेसविण्याची मंदिरातील रीत अशा तऱ्हेने कागदावरही आली.

छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे. मेनका तान्ही मुलगी पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवितो आहे. त्यानंतर लक्ष्मी, सरस्वती, दत्त, राम, कृष्ण, मोहिनी, दमयंती अशी चित्रांची रीघ लागली. सरस्वती पाण्याकाठी खडकावर बसून वीणा वाजविते, शेजारी मोर. आज शाळेच्या शारदोत्सवात जी मूर्ती किंवा चित्र मांडले जाते, त्यात बहुधा हाच खडक आणि हाच मोर दिसेल.

धंदा म्हणून मात्र हे साहस फसले. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि कामगार शहर सोडून गेले. 1899 मध्ये छापखाना मुंबई-पुणे लोहमार्गावरील मळवली येथे, भाजे लेण्यांजवळच्या परिसरात हलविला गेला. भागीदारीतील कटकटी, वाढते कर्ज आणि बाजारात फिरणाऱ्या स्वस्त नकला यांमुळे दोन्ही भाऊ जेरीस आले. हातातील कुंचला बाजूला ठेवून हिशेबाच्या वह्या पाहण्याची वेळ चित्रकारावर आली. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभीच छापखाना, अनेक चित्रांच्या हक्कांसह, तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर याला विकावा लागला. म्हणजे ज्या वर्षांत रविवर्मा यांच्या देवता देशभर सर्वाधिक पसरल्या, त्या वर्षांत त्यांवर रविवर्मा यांची मालकी नव्हती.

श्लायखर व्यवहारी होता. त्याने जुनी चित्रे छापलीच, शिवाय इतर चित्रकारांकडून त्याच धाटणीची नवी काढून घेतली आणि व्यापारी लेबले, जाहिराती, दिनदर्शिका यांचे काम वाढविले. कापडाचे तागे, काडेपेट्या, साबण, अत्तर यांवर पुराणातील नायिका झळकू लागल्या. रविवर्मा प्रेस हे नाव राहिले; पण ते आता एका शैलीचे नाव झाले होते. रविवर्मा यांनी न काढलेली चित्रेही रविवर्म्याची म्हणून विकली जात आणि त्यांनी काढलेली अनेक चित्रे कोणाचीच नसल्यासारखी. हा छापखाना पुढे दीर्घकाळ चालला. 1972 मध्ये लागलेल्या आगीत तो जळून गेला.

दरम्यान 1904 मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक देऊन रविवर्मा यांचा गौरव केला. 1905 च्या आरंभी बंधू राजराजवर्मा यांचे निधन झाले. हा आघात त्यांना पेलला नाही. म्हैसूरच्या महाराजांसाठी घेतलेली पौराणिक चित्रे त्यांनी कशीबशी पूर्ण केली. मधुमेहाने प्रकृती ढासळली होती. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूर येथे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निधनानंतरचे आयुष्य

सर्वसाधारण चरित्र येथे संपते. रविवर्मा यांच्या बाबतीत येथे थांबणे म्हणजे अर्धेच चरित्र सांगणे होय.

त्यांच्या हयातीच्या अखेरीसच बंगालमधील नव्या कलाविचाराने त्यांना नाकारायला सुरुवात केली होती. आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांच्या मते ही चित्रे नाटकी, युरोपीय तंत्राच्या आहारी गेलेली आणि आध्यात्मिक अर्थाला पारखी होती. हा आक्षेप पूर्णपणे खोटा नाही. रविवर्मा यांच्या काही चित्रांतील पात्रे खरोखरच रंगमंचावर पडदा वर जाण्याची वाट पाहत उभी असल्यासारखी वाटतात. पण मराठी वाचकाला त्यामागचे कारण ओळखता येईल. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे शाकुंतल पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. रविवर्मा बंधू मुंबईत नाटके पाहत असत. पायात रुतलेला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून दुष्यंताकडे पाहणारी शकुंतला हे त्यांचे सुप्रसिद्ध चित्र घ्या. कालिदासाच्या नाटकात दर्भाचा अंकुर रुतल्याचा हा बहाणा आहेच. पण तो क्षण गोठवून, सख्यांसह, वळलेल्या मानेसह उभा करण्याची दृष्टी नाटक पाहणाऱ्याची आहे. पुढे रंगभूमीवरील शकुंतला चित्रातल्यासारखी उभी राहू लागली, मग चित्रपटातील, मग छायाचित्रकाराच्या स्टुडिओतील नववधू. आजही लग्नाच्या अल्बममध्ये ही वळलेली मान तुम्हाला सापडेल.

चित्रपटाशी असलेला धागा तर मळवली-लोणावळ्याच्या परिसरातच विणला गेला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी रविवर्मा प्रेससाठी छपाईचे काम केले आणि पुढे 1908 च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. रंगांचे दगड, छायाचित्रण, ठसे यांच्याशी झुंजलेला हा माणूस 1913 मध्ये राजा हरिश्चंद्र घेऊन आला. विषय तोच, जो रविवर्मा यांनी बडोद्यासाठी रंगविला होता. देव पडद्यावर येताच प्रेक्षकांनी त्यांना ओळखले, कारण ते चेहरे त्यांच्या घरच्या भिंतीवर आधीपासून होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 1920 मध्ये सैरंध्री काढला, तेव्हाही हेच घडले. पुढे रघुवीर मुळगावकर यांच्या दिनदर्शिका, अमर चित्र कथेची मुखपृष्ठे, 1987 साली दूरदर्शनवर आलेले रामायण असा हा वंशविस्तार झाला. देवांनी मुकुट कसा घालावा, आशीर्वादाचा हात किती उंच धरावा, हेसुद्धा आपण एका माणसाने घालून दिलेल्या वळणाने पाहतो. यात गमावलेही बरेच. पूर्वीच्या घरांत देव्हाऱ्यात चांदीचे टाक असत, गावाबाहेर शेंदूर लावलेला तांदळा असे. त्यांना चेहरा नव्हता, किंवा प्रत्येक गावाचा वेगळा होता. तसबिरीने सर्वांना एकच गोरा, नितळ, सौम्य चेहरा दिला. ही हानी मला लहान वाटत नाही.

तरीही दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ज्या काळात ही चित्रे विकली जात होती, त्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना देवळाचे दार बंद होते. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली सुरू झाला. पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. छापील देव मात्र जात विचारीत नव्हता. पैसे मोजले, की तो कोणाच्याही घरी येई. छापखान्याने हे समाजसुधारणेच्या हेतूने केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि बंद दारावरचा हा उपाय दार उघडण्याची जागा घेऊ शकत नव्हता. पण रविवर्मा यांच्या स्वतःच्या त्रावणकोर संस्थानात 1936 साली मंदिरप्रवेशाची घोषणा ज्या महाराजांनी केली, ते चित्तिरा तिरुनाल हे रविवर्मा यांचे पणतू होते. त्यांच्या दोन नाती 1900 साली राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या. त्यांपैकी सेतू पार्वतीबाई यांचे ते पुत्र. घोषणा झाली तेव्हा रविवर्मा यांचे देव मंदिराच्या भिंतींबाहेर चाळीस वर्षे हिंडून झाले होते.

1956 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केल्यानंतर महाराष्ट्रातील असंख्य घरांतून देवांच्या तसबिरी उतरल्या आणि तेथे बुद्धाचे व बाबासाहेबांचे चित्र लागले. रविवर्मा यांच्या देवतांना दिलेला तो नकार होता. तो नकारही रंगीत छापील चित्राच्या, चौकटीच्या, हाराच्या माध्यमातूनच व्यक्त झाला, हे या माध्यमाच्या बळाविषयी बरेच काही सांगून जाते. तुमच्या स्वाध्यायासाठी एक सुचवितो. आपल्या गावातील निरनिराळ्या वस्त्यांमधील पाच घरांत परवानगी घेऊन जा. भिंतीवर कोणती चित्रे आहेत, ती केव्हा लागली, त्यांपूर्वी तेथे काय होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. वरवे बुद्रुकसारख्या एका गावाच्या भिंतींवरून शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास लिहिता येईल.

गेल्या काही वर्षांत या चित्रांनी नवी रूपे घेतली आहेत. चेन्नईत त्यांची अकरा चित्रे विणलेली अत्यंत महाग रेशमी साडी तयार झाली. 2020 च्या एका दिनदर्शिकेसाठी दक्षिणेतील अभिनेत्रींनी रविवर्मा यांच्या नायिकांचे वेश धारण करून छायाचित्रे काढून घेतली. मोबाइलवर याच नायिकांच्या तोंडी आजच्या बोलीतील खोचक वाक्ये घालून चित्रे फिरतात. कलाबाजारात मूळ चित्रांच्या किमती गगनाला भिडल्या आहेत. यशोदा आणि कृष्ण यांचे त्यांचे एक चित्र 2023 मध्ये मुंबईतील लिलावात 38 कोटी रुपयांना विकले गेले. त्यांच्या मूळ कलाकृती राष्ट्रीय ठेवा मानल्या जातात आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. कागदाच्या तसबिरीला असा कायदा नाही. पण ती विटली, काच फुटली, तरी कोणी ती कचऱ्यात टाकत नाही. देवळाच्या आवारात, पाराच्या कडेला अशा जुन्या तसबिरी टेकवून ठेवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील.

मराठी वाचकांच्या मनातील रविवर्मा बऱ्याच अंशी रणजित देसाई यांच्या राजा रविवर्मा या कादंबरीने घडविला आहे. केतन मेहता यांचा 2014 मध्ये प्रदर्शित झालेला रंगरसिया हा चित्रपटही त्याच कादंबरीवर आधारलेला. कादंबरीकाराने चित्रकाराच्या मनातील द्वंद्वाला, त्याच्या प्रेमाला आणि एकाकीपणाला रूप दिले आहे. तो त्याचा अधिकार आहे आणि ते त्याने सामर्थ्याने केले आहे. पुढील घटकात चरित्रात्मक कादंबरीचा विचार करताना तुम्हाला हीच कादंबरी वाचायची आहे. वाचताना मळवलीचा छापखाना, त्यातील दगड, कर्जाच्या वह्या आणि भावाची रोजनिशी यांना तिच्यात किती जागा मिळाली आहे, हे वहीत नोंदवीत जा.